कोकणात फोटोग्राफी शिकतोय, महिन्याचं भाडं न भरता एडिटिंग कशात करू?

कातळावरचा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिलाच काढतोय, तर सांभाळून घ्या.

गुहागर तालुक्यात घर आहे, वरच्या खोल्या पर्यटकांना देतो. मे महिन्यात मुंबईचा चुलतभाऊ आला होता. त्याने नवीन मिररलेस कॅमेरा घेतलाय, म्हणून जुना निकॉन डी ३४०० आणि सोबतची १८-५५ लेन्स माझ्याकडे ठेवून गेला. "घे, तिकडे कपाटात नुसती बुरशी धरेल" म्हणाला. बुरशीच्या बाबतीत कोकण कुणाला हार जात नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं.

आता नाद लागलाय. अडचण अशी की कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास दिसतो आणि लॅपटॉपवर घेतला की आभाळ पांढरंफटक, माडाखालची माणसं काळीठिक्कर. भाऊ म्हणतो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत) काढ आणि एडिट कर. त्याच्याकडे लाइटरूम हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आहे, दर महिन्याला पैसे कापले जातात. मला ते जमणार नाही. आमची कमाई म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे. जून ते सप्टेंबर वरच्या खोल्यांत शेवाळाशिवाय कोणी मुक्कामाला येत नाही.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फुकट किंवा एकदाच पैसे देऊन मिळेल असं काय घ्यावं? आणि शिकावं कुठून? यूट्यूबवर जो तो आपला प्रीसेट (तयार एडिटिंगचा साचा) विकतोय.

निवांत_नाना

मोबाईलवर स्नॅपसीड अ‍ॅप. फुकट, जाहिराती नाहीत. संपला विषय.

बांगडाफ्राय

नाना, विषय संपला तर आम्ही दुपारी करायचं काय?

रातांबा

आधी निकॉनचंच एनएक्स स्टुडिओ हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. कॅमेरा निकॉनचा असताना हे कुणी सांगत कसं नाही? २०२१ मध्ये आलं, पूर्ण फुकट आहे. कॅमेऱ्यात जे पिक्चर कंट्रोल असतात (स्टँडर्ड, व्हिविड, लँडस्केप वगैरे) ते इथे रॉ फाइलवर नंतर बदलता येतात, त्यामुळे रंग निकॉनचेच राहतात. कॅननवाल्यांना त्यांचं डिजिटल फोटो प्रोफेशनल असंच फुकट मिळतं. लेयर (एकावर एक थर ठेवून एडिट करणं) वगैरे नाहीत, पण तुमच्या आभाळाच्या दुखण्याला लेयर लागतही नाहीत.

शुभदा_र

रातांबा यांच्याशी सहमत, सुरुवातीला एनएक्स स्टुडिओ पुरेसं आहे. त्यात थोडी भर.

रॉ कशासाठी, ते आधी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे उजेड-अंधाराच्या २५६ पायऱ्या. तुमच्या डी ३४००ची रॉ फाइल १२ बिटची असते, म्हणजे ४०९६. माडाखालचा अंधार उजळायला गेलात की जेपेगमध्ये पायऱ्या संपतात आणि चेहऱ्यावर डाग उठतात. रॉमध्ये तिथे अजून ऐवज शिल्लक असतो. मात्र हे सावलीपुरतं. आभाळ एकदा पूर्ण पांढरं झालं की रॉमध्येही तिथे काहीच उरत नाही. म्हणून एक्स्पोजर आभाळ सांभाळून घ्यायचं आणि सावली घरी आल्यावर उचलायची. प्लेबॅकमध्ये हायलाइट्सचा पर्याय चालू करा, फुटलेला, म्हणजे पूर्ण पांढरा झालेला भाग काळा-पांढरा लुकलुकतो. लुकलुकला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे ०.७ वर नेऊन परत काढा.

तुमच्या बाबतीत गडबड का होते? कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं वाटतं. फ्रेममध्ये काळोखी माडबन जास्त आलं की तो उजेड वाढवतो आणि आभाळ फुटतं. लाटांचा फेस किंवा चुन्याची पांढरी भिंत जास्त आली की उलटं होतं, तो उजेड कमी करतो आणि फेस मळकट येतो. तिथे अधिक ०.७ करायचं.

आता सॉफ्टवेअर. डार्कटेबल आणि रॉथेरपी, दोन्ही फुकट आणि मुक्त स्रोत, दोन्ही विंडोजवर चालतात. मूळ फाइलला हात लावत नाहीत, केलेले बदल बाजूला छोट्या फाइलीत लिहून ठेवतात. डार्कटेबलमध्ये मास्क फार चांगले आहेत, म्हणजे फक्त आभाळ किंवा फक्त चेहरा निवडून बदल करता येतो. पण पहिल्यांदा उघडलंत की मॉड्यूलची (एकेका कामाच्या साधनांची) यादी बघून बंद करावंसं वाटेल. करू नका. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक), सिग्मॉइड (उजेड-अंधाराचा समतोल) आणि क्रॉप, एवढ्यांवर पहिला महिना निघतो.

८ जीबीवर चालतं. एक्सपोर्ट करताना लॅपटॉप तापेल, तेवढ्यात चहा टाका.

निवांत_नाना

मी फोनवर बोट फिरवतो आणि माझा फोटो होतो. तुमचा चहा होईपर्यंत माझ्या फोटोला चाळीस लाइक आलेले असतात.

शुभदा_र

नाना, त्यातले तीस तुमच्या व्याह्यांकडचे. :)

लग्नसराई

मी व्यवसायाने फोटोग्राफर, रत्नागिरी-लांजा-राजापूर भागात लग्नं करतो. इथे "भाडं" म्हणून लाइटरूमला सगळे नाकं मुरडतायत, त्यांना विचारायचंय, एका लग्नाचे दीड-दोन हजार फोटो डार्कटेबलमध्ये काढून दाखवाल का? पार्टीला पूजेच्या आत अल्बमचे फोटो हवे असतात. एका फोटोवर केलेलं काम शंभर फोटोंवर एका झटक्यात चिकटवणं, हळदीचा पिवळा चेहऱ्यावरून उतरवणं, हे लाइटरूममध्ये बसल्या बैठकीत होतं. माझ्या वेळेची किंमत त्या भाड्यापेक्षा जास्त आहे.

धागाकर्त्याला लागेल असं म्हणत नाही. पण फुकट म्हणजे चांगलं आणि विकतचं म्हणजे लूट, हे काही पटत नाही.

फिरस्ता_७७

लग्नसराई, व्यवसायासाठी बरोबर आहे तुमचं. चिकटवणं डार्कटेबलमध्येही होतं, पण वेगाबद्दल वाद नाही.

माझा राग भाड्यावर नाही, पर्याय काढून घेतला त्यावर आहे. २०१५ चं लाइटरूम ६ हे एकदाच पैसे देऊन घ्यायचं शेवटचं. माझ्याकडे होतं. पुढे नवीन कॅमेरा घेतला, त्याच्या रॉ फाइली ते उघडेना. मग भाड्याचं घ्या. आणि जानेवारी २०२५ पासून २० जीबीवाला स्वस्त फोटोग्राफी प्लॅन नवीन ग्राहकांना मिळत नाही.

भाडं थांबवलं तर फोटो जातात अशी एक अफवा फिरते, ती खरी नाही. लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात. फक्त डेव्हलप, म्हणजे एडिटिंगचा विभाग, आणि मॅप बंद होतात. म्हणजे जुनं काम बघायला मिळतं, पण सुधारता येत नाही.

बांगडाफ्राय

एवढी चर्चा कशाला? आमच्या तालुक्याच्या गावात एक जण पाचशे रुपयांत फोटोशॉप, लाइटरूम, वर ऑफिससुद्धा "टाकून" देतो. आजन्म.

शुभदा_र

आजन्म म्हणजे लॅपटॉपचा जन्म. असल्या क्रॅकबरोबर (चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर) काय काय येतं ते बांगड्याला माहीत नसतं. नात्यातल्या एकाच्या मशीनवरचे मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो असेच कुलूपबंद झाले, वर खंडणीची चिठ्ठी. फुकट आणि कायदेशीर इतकं असताना हा सोस कशाला?

बांगडाफ्राय

बरं बाई, तळण्यापुरताच उरलो.

रातांबा

एक राहिलं. अ‍ॅफिनिटी. सेरिफ नावाच्या ब्रिटिश कंपनीचं, फोटोशॉपला पर्याय म्हणून २०१५ मध्ये आलं, एकदाच पैसे भरायचे. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवं अ‍ॅफिनिटी चक्क फुकट करून टाकलं. कॅनव्हाचं खातं लागतं, एआयची साधनं हवी असतील तर पैसे. लेयर, रॉ, पुसापुशी, सगळं आहे. होमस्टेचं माहितीपत्रक बनवायचं असेल तर तेही त्यातच होईल.

गिंप हे फोटो एडिटर १९९६ पासून आहे आणि अजूनही पूर्ण मुक्त आहे. मार्च २०२५ मध्ये ३.० आवृत्ती आली, त्यापासून फिल्टर लावल्यावर नंतर बदलता येतात. मात्र रॉ फाइल ते स्वतः उघडत नाही, त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी शेजारी असावं लागतं.

फिरस्ता_७७

आज फुकट, उद्या कॅनव्हाचं मन बदललं तर? फोटो लावून ठेवायचं पिकासा आठवतं का? २०१६ मध्ये गूगलने गुंडाळलं. अख्ख्या पिढीने तिथे चेहऱ्यांना नावं देऊन ठेवली होती. म्हणून मी डार्कटेबल म्हणतो. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही.

तारकर्लीचो_झील

माका एक सांगा, ह्या सगळ्यात समुद्र निळो दिसतलो काय? आमचे पावणे इले की पयलो प्रश्न तोच, फोटोतलो निळो समुद्र खय गेलो?

शुद्ध मराठीत लिहितो. आमचीही खोल्यांची सोय आहे. एका पोराने वेबसाइटसाठी फोटो काढून दिले, त्यात समुद्र मालदीवसारखा. जुलैत पुण्याची एक फॅमिली आली. समुद्र चहाच्या रंगाचा, वर लाल बावटा. बाई म्हणाल्या, "फसवलंत." पैसे परत मागितले नाहीत, पण रिव्ह्यूत एकच तारा दिला. जेवण आवडलं असंही त्यातच लिहिलं, ही आपली गंमत.

लग्नसराई

हा सॅच्युरेशनचा (रंगाच्या भडकपणाचा) दोष नाही, फोटो कोणत्या महिन्यातला ते न लिहिण्याचा आहे. डिसेंबर-जानेवारीत तारकर्लीचं पाणी निवळशंख असतंच. थोडा रंग वाढवला तर बिघडलं कुठे? नवरीचा चेहरा उजळतो तेव्हा कोणी रिव्ह्यू देत नाही.

शुभदा_र

नवरी बघायला कोणी पैसे भरून येत नाही हो. :) फोटो बघून लोक बुकिंग करतात, तिथे मी रंगाला हात लावणार नाही. व्हाइट बॅलन्स बरोबर केला, धुरकट हवा थोडी काढली, क्षितिज सरळ केलं, बस्स. पुळणीवरचा कचरा क्लोन करून पुसायचा का, हा त्याहून अवघड प्रश्न आहे.

तारकर्लीचो_झील

कचरो पुसूचो नाय, उचलूचो. पावणे येवच्या आधी.

रातांबा

पाणी खरोखर निळं दिसायला हवं असेल तर लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा. पाण्यावरची चकाकी कापतो, उथळ पाण्यातली वाळू आणि खडक दिसायला लागतात. सॉफ्टवेअर हे काम करू शकत नाही, कारण चकाकीखालचं फोटोत आलेलंच नसतं. सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याला असेल तेव्हा आभाळावर परिणाम सगळ्यात जास्त, समोर किंवा पाठीशी असेल तर जवळजवळ शून्य. फिल्टरचा व्यास लेन्सवर लिहिलेला असतो. डी ३४०० बरोबर येणारी एएफ-पी १८-५५ असेल तर ५५ मिलिमीटर.

आणि दुसरी लेन्स घ्यायची वेळ आली की एक लक्षात ठेवा. या बॉडीत फोकसची मोटर नाही. सेकंडहँडमध्ये ५० मिमी एफ/१.८ डी स्वस्तात दिसेल, पण तिचा फोकस हाताने फिरवावा लागेल. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे ना, ते बघूनच पैसे काढा.

चौकोनी_चिरा

तुमचं टोपणनाव कातळावरचा आणि कातळशिल्पांचा विषय कोणीच काढला नाही? राजापूर-रत्नागिरीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) इतकी आहेत, बारसू, कशेळी, देवूड, उक्षी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. लोक दुपारी बाराला जाऊन फोटो काढतात आणि म्हणतात काहीच दिसत नाही. दिसणार कसं? खोदकाम उथळ, ऊन डोक्यावर, सावलीच पडत नाही. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास किंवा मावळायच्या आधीचा. ऊन आडवं आलं की जांभ्यातली प्रत्येक खाच उठून दिसते. घरी आल्यावर फोटो कृष्णधवल करा आणि लोकल कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा. मग हत्तीच्या पोटातले मासेसुद्धा दिसतील.

खडूने रेषा गिरवू नका, चित्रांवर उभं राहू नका. सांगायला लागू नये, पण लागतं.

फिरस्ता_७७

चिरा, तुमच्या प्रतिसादाची वाखू (वाचनखूण) साठवली.

तसंच वेळासला कासवांच्या वेळी. फ्लॅश नाही, मोबाईलचा टॉर्च नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, समुद्र सोडून तुमच्याकडे वळतील. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० ठेवा, दाणे आले तर येऊ देत, ते घालवायला डार्कटेबलमध्ये डीनॉइज आहे.

शुभदा_र

हर्णे बंदरावर लिलावाचे फोटो काढणार असाल तर आधी विचारा. टोपली पुढे घेऊन बसलेल्या मावशीच्या तोंडासमोर लेन्स नेणारे बघितलेत, आणि मावशीने त्यांना काय ऐकवलं तेही ऐकलंय. इथे लिहिता येणार नाही. तिच्याकडून पापलेट घेतलं, दोन गोष्टी बोललात, की ती स्वतःच "आता काढ" म्हणते. पदर नीट करते, हसत मात्र नाही. तो फोटो नंतर तिच्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. जूनमध्ये जाऊ नका, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, बंदरावर शाकारलेल्या होड्या आणि कुत्री.

निवांत_नाना

शाकारलेल्या होड्यांचेच फोटो चांगले येतात. माझ्या फोनमध्ये आहेत.

कातळावरचा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मंडळी, मनापासून आभार. एक उपप्रश्न, पावसात कॅमेरा ठेवू कुठे? आई म्हणते तांदळाच्या डब्यात ठेव.

रातांबा

आईंना नमस्कार सांगा आणि तांदूळ स्वयंपाकघरात राहू द्या. त्याची पीठासारखी धूळ लेन्सच्या फटीत जाते.

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत परतून परत वापरता येतात, मात्र ती कढई पुन्हा भाजीला नको. आणि कॅमेरा डब्यात विसरू नका. बुरशीला अंधार आणि ओल आवडते, आठवड्यातून एकदा उन्हात नाही तरी उजेडात काढा, चार फोटो मारा. किनाऱ्यावरून आलात की बॉडी आणि लेन्सचं बाहेरचं अंग किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि मग कोरड्याने. खारं बसलं की बटणं अडकायला लागतात.

बांगडाफ्राय

माझ्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं आहे. सगळे फोटो स्वप्नातल्यासारखे येतात. लोक विचारतात कुठला फिल्टर.

कातळावरचा

हजेरी लावतो. एनएक्स स्टुडिओ आणि डार्कटेबल, दोन्ही टाकली. घाईचं असेल तेव्हा पहिलं, निवांत बसून करायचं असेल तेव्हा दुसरं. लॅपटॉप एक्सपोर्टला कण्हतो, पण करतो. शुभदाताईंनी सांगितलेली चारच मॉड्यूल वापरतोय, पाचव्याला हात लावलेला नाही.

शिमग्यातल्या पालखीचा जुना रॉ फोटो भावाकडून मागवून घेतला. आभाळ फुटलेलं नव्हतं, त्यामुळे खालची सावली उचलल्यावर पालखी नाचवणाऱ्यांचे चेहरे दिसले. अगदी मागचा दांडा धरलेला आमचा म्हातारा गुरवसुद्धा ओळखू आला. तो आणि सहाणेवरून घेतलेला समुद्राचा, असे दोन फोटो खाली जोडलेत. झोडपा.

एक विचित्र प्रकार, आभाळात सगळ्या फोटोंत त्याच जागी करडे ठिपके आहेत.

लग्नसराई

पालखीचा फोटो खरंच जमलाय. घामाची चमक ठेवलीत, गुळगुळीत केली नाहीत, ते उत्तम. मला असिस्टंट लागतो, येता का मार्गशीर्षात?

चौकोनी_चिरा

दुसऱ्या फोटोत समुद्र डावीकडे सांडतोय. भरती असेल.

शुभदा_र

चिरा, हाहा. कातळावरचे, डार्कटेबलमध्ये "रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह" उघडा आणि माउसचं उजवं बटण दाबून क्षितिजावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढा. आपोआप सरळ होईल.

ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. डी ३४०० मध्ये सेन्सर आपोआप झटकायची सोय नाही. एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र लहान असताना) जास्त दिसते, एफ/८ ला फिकी होते. रबरी ब्लोअर मिळतो तो घ्या, आरसा वर करून, कॅमेरा तोंड खाली धरून फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडाली की मग खरंच सर्व्हिस सेंटर. आधी काढलेल्या फोटोंतले ठिपके "रीटच"मध्ये पुसा.

तारकर्लीचो_झील

समुद्र खरो वाटता. मळको आसा, पण खरो आसा.

कातळावरचा

झीलराव, हे मी कौतुक समजतो.

शेवटचा त्रास. पालखीचा फोटो मोठा छापून माजघरात लावायचाय. चिपळूणच्या एका लॅबमधून नमुना आणला, तर स्क्रीनपेक्षा बराच काळपट आला. लॅबवाला म्हणतो फाइलच तशी आहे.

लग्नसराई

लॅबवाला बरोबर आहे. तुमचा लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर असतो, म्हणून तुम्ही फोटो कमी उजळ करून ठेवता. कागदाला मागून दिवा नसतो. ब्राइटनेस अर्ध्याच्या आसपास आणा, शेजारी पांढरा कोरा कागद धरा, स्क्रीनवरचा पांढरा साधारण तेवढाच दिसला पाहिजे. मग एक्स्पोजर नव्याने बघा. एक्सपोर्ट करताना कलर प्रोफाइल एसआरजीबी ठेवा आणि लॅबवाल्याला "ऑटो करेक्शन बंद" असं स्पष्ट सांगा, नाहीतर गुलालाचा रंग तो आपल्या मनाने ठरवतो. माजघरात उजेड कमी असेल तर मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर खिडकी दिसत राहील.

कातळावरचा

मॅटच घेतो. दोन लहान नमुने काढून आधी त्याच भिंतीवर धरून बघतो, मग मोठा.